नोंदी सगळ्या आल्या, शेरे मात्र अर्धेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात हल्ली अधूनमधून कुठली ना कुठली संस्था 'डिजिटल' झाल्याचा फोटो येतो, कधी वाचनालय, कधी इतिहास मंडळ, कधी एखादं जुनं ट्रस्ट, कॉम्प्युटरपुढे अध्यक्ष, मागे कार्यकारिणी उभी, आणि खाली बातमी की इतक्या हजार नोंदी आता एका क्लिकवर. चांगलंच आहे, कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण या नोंदी जुन्या कॉम्प्युटरमधून नव्यात येताना वाटेत काय गळतं याबद्दल एक ओळ कुठे वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी या कामात बरीच वर्षं लुडबुड करतोय, पगारी नाही, ओळखीच्या संस्था बोलावतात आणि मी जातो एवढंच.

तर सांगायचंय ते असं की जुन्या डेटाबेसमधला लांब मजकूर बाहेर काढताना तो पुष्कळदा २५५ अक्षरांवर कापला जातो आणि कापला गेल्याचं कोणीही सांगत नाही. एरर येत नाही, काही लाल होत नाही, उलट एक्सपोर्ट यशस्वी झाल्याचा मेसेज येतो. नोंदी मोजल्या तर संख्या बरोबर भरते. नाव, गाव, तारीख, क्रमांक सगळं जागच्या जागी. फक्त शेवटच्या कॉलममधला शेरा, जो खरं म्हणजे सगळ्यात कष्टाने लिहिलेला असतो, तो मध्येच थांबतो, आणि तो कॉलम कोणी शेवटपर्यंत वाचत नाही त्यामुळे कळतच नाही.

आपल्याकडे छोट्या संस्थांचा डेटा बहुतेक मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये असतो. १९९२ साली आलेला हा प्रोग्रॅम, ऑफिसच्या मोठ्या पॅकेटमधून कॉम्प्युटरबरोबरच यायचा, गावातला एखादा क्लासवाला पोरगा दोन दिवसांत फॉर्म बनवून द्यायचा आणि पुढे पंधरा-वीस वर्षं संस्था त्याच्यावर चालायची. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, कागदी वहीपेक्षा शंभरपट बरं. त्यात मजकुरासाठी दोन तऱ्हेची फील्डं असतात, एक साधं टेक्स्ट, त्याची मर्यादाच २५५ अक्षरांची, आणि दुसरं मेमो, ज्यात फॉर्मवर बसून टाइप केलं तरी ६५,५३५ अक्षरं मावतात. २०१३ च्या आवृत्तीपासून त्यांची नावं शॉर्ट टेक्स्ट आणि लाँग टेक्स्ट अशी झाली, माल तोच. शेरा, तपशील, हकीकत, वर्णन असल्या गोष्टी शहाण्या माणसाने मेमोत ठेवलेल्या असतात, आणि तिथे त्या सुखरूप असतात. कात्री लागते ती बाहेर पडताना.

आता २५५ अक्षरं म्हणजे किती हे आपल्या लिपीत नीट बघितलं पाहिजे, कारण आपण अक्षर ज्याला म्हणतो ते कॉम्प्युटर वेगळं मोजतो. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरी, त्याच्या हिशोबात दहा, कारण ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असं सगळं सुटंसुटं धरलं जातं. म्हणजे मराठीत २५५ अक्षरं म्हणजे जेमतेम चाळीस शब्द झाले, दोन बऱ्यापैकी वाक्यं. आणि कात्री शब्द संपल्यावर चालेल असंही नाही, हलन्तावरही चालते, मग ओळीच्या टोकाला एक लंगडं अक्षर लोंबत राहतं. ते दिसलं तर समजायचं की इथे काहीतरी झालंय.

एका तालुक्यातल्या मंडळाने आसपासच्या गावांतल्या वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांची, नोंद केली होती, गावोगाव हिंडून, अॅक्सेसमध्येच. त्यातली एक नोंद मी मूळ फाइलमध्ये पूर्ण वाचलीय. सुरुवात अशी की देवळाच्या उत्तरेला, पिंपळाच्या पाराला टेकून, निम्मा जमिनीत, खालच्या टप्प्यात लढाई, दोन माणसं आणि एक घोडा, मधल्यात अप्सरा वीराला घेऊन चालल्यात, वरच्यात शिवलिंगाची पूजा, टोकाला चंद्रसूर्य आणि कलश. इथपर्यंतचं वर्णन कुठल्याही वीरगळाला थोड्याफार फरकाने लागू पडेल. खरा ऐवज त्याच्या पुढे होता, की गावातल्या म्हाताऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे हा दगड मुळात ओढ्याकाठी होता, रस्ता रुंद करताना इथे आणला, मागच्या बाजूला झिजलेल्या दोन ओळी आहेत, त्यावर चुना बसलाय, ठसा घ्यायचा राहिला, आणि कोणत्या घरी विचारायचं तेही. नव्या एक्सेल फाइलमध्ये नोंद 'वरच्यात शिवलिं' इथे संपते. म्हणजे जे कोणीही दगडापुढे उभं राहून परत लिहू शकतं ते राहिलं आणि जे ऐकून लिहिलं होतं, सांगणारी माणसं आता नाहीत, ते गेलं.

हे काम शहरातल्या एका एजन्सीला दिलेलं होतं, नाव घेत नाही, त्यांनी वाईट हेतूने काही केलं असंही नाही. त्यांनी उलट जास्तीचं काम केलं, डुप्लिकेट नोंदी काढून दिल्या! आणि तिथेच गोम होती. डुप्लिकेट काढायला क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, डिस्टिंक्ट हा शब्द लावतात, म्हणजे प्रोग्रॅमला प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळींशी ताडून बघावी लागते, आणि हजार हजार शब्दांचे मेमो एकमेकांशी ताडत बसणं त्याला परवडत नाही म्हणून तो पहिली २५५ अक्षरं घेतो आणि बाकीचं सोडून देतो. ग्रुप बाय, म्हणजे सारख्या ओळींचे गट केले तरी तेच. दोन टेबलं युनियनने जोडली तरी तेच, कारण साधं युनियनसुद्धा आतल्या आत डुप्लिकेट काढतं. इतकंच काय, फील्डच्या प्रॉपर्टीत फॉरमॅट म्हणून कोणी एखादं चिन्ह टाकून ठेवलं असेल, अॅट (@) वगैरे, तरीसुद्धा मजकूर कापला जातो, आणि हे चिन्ह पुष्कळ जुन्या फाइलींत उगाच पडलेलं असतं. या काही गुप्त गोष्टी नाहीत, अॅक्सेसवर काम करणाऱ्यांना ठाऊक असतात, पण ज्याला फक्त 'फाइल एक्सेलमध्ये करून द्या' एवढं सांगितलंय त्याने ते बघायचं कारणच पडत नाही.

उपाय अवघड नाहीत. युनियनच्या जागी युनियन ऑल लिहायचं. ग्रुप बाय लागतच असेल तर शेऱ्याच्या कॉलमखाली ग्रुप बायऐवजी फर्स्ट निवडायचं, मग तो पूर्ण येतो. क्वेरीच्या प्रॉपर्टीत युनिक व्हॅल्यूज 'नो' करायचं. फॉरमॅटमधलं चिन्ह पुसून टाकायचं. आणि सगळ्यात बिनधोक म्हणजे मेमोचं फील्ड या असल्या क्वेऱ्यांत घ्यायचंच नाही, टेबल जसं आहे तसं सरळ एक्सपोर्ट करायचं आणि डुप्लिकेट काढायचे ते नंतर, बाहेर, सावकाश.

दुसरी कात्री एक्सेलची. एक्सेलच्या ९५ पर्यंतच्या जुन्या फाइलीत एका सेलमध्ये २५५ अक्षरंच मावायची, ९७ पासून ३२,७६७ मावतात. पण अॅक्सेसच्या एक्सपोर्टच्या यादीत ते जुनं ५.० आणि ९५ वालं फॉरमॅट बरीच वर्षं दिसत राहिलं आणि जुन्या मॅक्रोंमध्ये, म्हणजे एका बटणावर चालणाऱ्या तयार सूचनांमध्ये, तेच लिहिलेलं असतं, बटण दाबलं की जुन्या मापाची फाइल तयार. अजून एक घोळ असा की २००३ पर्यंतच्या एक्सेलात सेलमध्ये १,०२४ च अक्षरं दिसतात, बाकीची वरच्या पट्टीत दिसतात, त्यामुळे काही लोक पूर्ण मजकूर असूनही गेला म्हणून रडतात. उलटी वाटही तितकीच घातक, एक्सेलमधून परत अॅक्सेसमध्ये घेताना तो प्रोग्रॅम सहसा पहिल्या आठ ओळी बघून ठरवतो की हा कॉलम छोट्या मजकुराचा की मोठ्या, आणि पहिल्या आठ ओळींत नेमके शेरे छोटे असले की खालचे सगळे लांब शेरे २५५ वर छाटतो. तिथे जुनी युक्ती म्हणजे सगळ्यात वर एक खोटी ओळ घालायची ज्यात तीनशे-चारशे अक्षरं काहीही खरडलेलं असेल, आणि काम झालं की ती पुसायची. हास्यास्पद वाटतं, पण चालतं.

म्हणून माझं मत असं की एक्सेलच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. एक्स्टर्नल डेटामध्ये जाऊन टेक्स्ट फाइल निवडावी, फॉरमॅटिंग आणि लेआउटसकट एक्सपोर्ट करायची जी टिक असते ती करू नये, पुढच्या खिडकीत डिलिमिटेड निवडावं, म्हणजे दोन कॉलमांमध्ये स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं. फिक्स्ड विड्थ अजिबात नाही, त्यात प्रत्येक कॉलमची रुंदी ठरलेली असते आणि त्यापुढचा मजकूर सरळ उडतो. मजकुराभोवती दुहेरी अवतरणचिन्ह राहू द्यावं, नाहीतर शेऱ्यातला प्रत्येक स्वल्पविराम नवा कॉलम पाडतो. मग खाली कोपऱ्यात अॅडव्हान्स्ड म्हणून एक छोटं बटण असतं ज्याच्याकडे कोणी बघत नाही, ते उघडून कोड पेज, म्हणजे अक्षरं फाइलीत कुठल्या पद्धतीने लिहायची ते, युनिकोड यूटीएफ-८ करावं. हे केलं नाही तर मराठीच्या जागी ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती परत मराठी होत नाहीत, मूळ फाइलकडेच जावं लागतं.

ती फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका, हात जोडून सांगतो. एकतर मराठीचा विचित्र फ्रेंच-जर्मन छाप कचरा दिसायची शक्यता, दुसरं म्हणजे दाखल क्रमांकाच्या पुढची शून्यं उडतात, आणि कपाट-फळीचा नंबर 5-7 असा इंग्रजी आकड्यांत असेल तर एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं. डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट करून घ्यावं, तिथे ६५००१ युनिकोड निवडता येतं आणि कॉलम मजकूर म्हणून ठेवता येतो. किंवा लिब्रेऑफिस वापरावं, फुकट आहे आणि ते फाइल उघडतानाच विचारतं की कुठली लिपी, कुठलं चिन्ह. शेऱ्यांत एंटर मारून परिच्छेद पाडलेले असतील तर टेक्स्ट फाइलपेक्षा एक्सएमएल काढलेलं बरं, त्यात ओळी तुटायची भानगडच नाही. २००७ नंतर कोणी मेमोला रिच टेक्स्ट केलं असेल तर मजकुरात वेबपेजसारखे कंस-टॅग निघतील, घाबरू नये, प्लेनटेक्स्ट नावाचं फंक्शन ते साफ करतं. पण ते साफसफाईचं काम मूळ पूर्ण निघाल्यावर.

फाइल अॅक्सेस ९७ ची असेल तर २०१३ किंवा त्यानंतरच्या अॅक्सेसमध्ये ती उघडतच नाही, २०१० किंवा त्याआधीचं कुठेतरी शोधून आधी नव्या प्रकारात सेव्ह करून घ्यावी लागते. लिनक्स येणारा कोणी भाचा-पुतण्या घरात असेल तर एमडीबीटूल्स म्हणून मोफत साधन आहे, त्याने अॅक्सेस नसतानाही टेबलं बाहेर काढता येतात.

आणि श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत टाइप केलेला डेटा असेल, आपल्याकडे तो असतोच, तर आधी जसा आहे तसा पूर्ण काढायचा, लांबी तपासायची आणि मगच युनिकोडमध्ये रूपांतर करायचं. रूपांतरात अक्षरांची संख्या बदलते, त्यामुळे दोन्ही कामं एकदम केली की कापलं गेलं की नुसतं बदललं हे ताडायला काही आधारच उरत नाही. एजन्स्या दोन्ही एकदम करून देतात, स्वस्तात पडतं म्हणून.

आता तपासायचं कसं, कारण प्रत्येक संस्थेत कॉम्प्युटरवाला माणूस नसतो. यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. एक्सेलात शेऱ्याच्या शेजारी रिकाम्या कॉलममध्ये लेन हे फंक्शन लावायचं, ते प्रत्येक शेऱ्याची लांबी आकड्यात दाखवतं, आणि मग त्या आकड्यांना मोठ्याकडून छोट्याकडे लावायचं. वर ८१२, ७९०, ६४४ असे वेडेवाकडे आकडे आले तर निश्चिंत राहा. वर सगळीकडे २५५, २५५, २५५ अशी रांग लागली आणि त्याच्या पुढे एकही नाही, तर समजा फाइल छाटलेली आहे, कारण माणसं शेरे मोजून लिहीत नाहीत. अॅक्सेसमध्येही तेच लेन चालतं, दोन्हीकडची बेरीज लावून बघावी, ओळ मोडण्याच्या खुणांमुळे थोडा फरक पडू शकतो, पण हजारोंचा फरक नाही. हे करायला एक चहा होईपर्यंत वेळ लागतो.

कोणी म्हणेल छोट्या मंडळांचं एवढं काय घेऊन बसलात. मोठ्यांचंही होतं. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाच्या ऐन धामधुमीत, २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या दरम्यानचे १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्ण सरकारी आकड्यांतून गळाले, कारण लॅबकडून आलेल्या याद्या जुन्या एक्सएलएस फाइलीत ओतल्या जात होत्या, तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नाही. तिथे ओळी गळाल्या, इथे ओळींची शेपटं गळतात, आणि रुग्णांचे आकडे निदान रोज कोणीतरी बघत होतं म्हणून आठवड्यात उघड झालं. वीरगळाचा शेरा कोण रोज बघतो?

आपल्या राज्यात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेली सार्वजनिक ग्रंथालयं गावोगाव आहेत, अ ब क ड वर्गाची. त्यातली किती तरी दाखल नोंदवहीतून अॅक्सेसमध्ये आली आणि आता ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरकडे निघालीयत. जुन्या ग्रंथालयांत शेऱ्याच्या रकान्यात काय काय असतं ते बघण्यासारखं आहे, कोणी देणगी दिली, कुठली पानं नाहीत, मुखपृष्ठावर कोणाची सही आहे, ही प्रत कुठल्या बंद पडलेल्या वाचनालयातून आली. पुस्तकाचं नाव आणि लेखक दहा ठिकाणी सापडेल, हे दुसरीकडे कुठेही नाही. तपासणीला येणारे अधिकारी नोंदींची संख्या बघतात, त्यांनी सोबत सगळ्यात लांब दहा शेरे जुन्यात आणि नव्यात उघडून शेजारी शेजारी वाचायला मागितले तर फार काही जास्त मागितलं असं होणार नाही. ग्रंथालय संचालनालयाने हे एका परिपत्रकात घातलं तर उत्तमच.

आणि संस्थाचालकांनी एजन्सीला काम देताना कागदावर लिहून घ्यावं की लांब मजकूर पूर्ण आला पाहिजे, त्याची लांबी दोन्हीकडे जुळवून दाखवायची, मगच शेवटचं बिल. माझ्या बघण्यात तरी करारात पानंच्या पानं पैशांबद्दल असतात आणि डेटाबद्दल 'सर्व डेटा ट्रान्सफर करणे' एवढी एक ओळ, ज्यावर भांडताही येत नाही, कारण सर्व नोंदी तर आलेल्याच असतात. त्या वीरगळांच्या मंडळाचं नशीब की जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा राहिला होता, अॅक्सेसची मूळ एमडीबी फाइल जशीच्या तशी मिळाली आणि शेरे परत काढता आले. नवीन सिस्टिम चालू झाली की जुनी फाइल उडवायची घाई कशाला करतात ते मला आजवर कळलेलं नाही, पेन ड्राइव्हवर ती कोपऱ्यात पडून राहिली तर काय जागा अडवते?

शेवटी ज्यांचा डेटा अॅक्सेसच्याही आधीचा आहे, डीबेस नाहीतर फॉक्सप्रोमधला, पतसंस्था आणि जुन्या दवाखान्यांत तो अजून सापडतो, त्यांच्यासाठी एक सूचना. त्यात मेमोचा मजकूर मुख्य फाइलीत नसतोच. डीबीएफ फाइलीत फक्त कितव्या ब्लॉकला बघायचं तो नंबर असतो, आणि मजकूर शेजारच्या त्याच नावाच्या दुसऱ्या फाइलीत, डीबेसचं असेल तर डीबीटी, फॉक्सप्रोचं असेल तर एफपीटी. लोक डीबीएफ तेवढी कॉपी करून आणतात आणि शेरे रिकामे का दिसतात म्हणून विचारतात. फॉक्सप्रोमधून कॉपी टू करून टेक्स्ट किंवा एक्सेल काढलं तर मेमोचे कॉलम ते गुपचूप वगळतं, यादीत नाव लिहिलं तरी वगळतं. तेव्हा जुना कॉम्प्युटर उघडला असेल तर आख्खं फोल्डर उचला, कुठल्या फाइली लागतील आणि कुठल्या नाही हे तिथे बसून ठरवू नका.

आपला नियमित वाचक,
सातारा जिल्हा